कार्बोरेटरमधला थेंब

गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली की ते आधी हात पुसत. मग उजव्या हाताची मागची बाजू इंजिनला लावत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. डोळे अर्धे मिटलेले. चार-पाच श्वास तसेच जात. मग मान वर करून विचारत, "सांगू?"

नको म्हणायची सोय नसे, कारण तोवर त्यांनी सांगायला सुरुवात केलेली असे. "क्लच प्लेट गेली." "वॉल्व जळला." "तुमी तिघंतिघं बसून राह्यले याच्यावर." हे शेवटचं निदान त्यांनी माझ्यासमोर एका गृहस्थाला ऐकवलं होतं. ते गृहस्थ एकटेच आले होते. त्यांनी खाली मान घातली आणि कबूल केलं.

सगळं रिसोड त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही तेच म्हणते. बाजार समितीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. "पाटी त्याले लागते, ज्याले कोनी वळखत नाई," असं ते म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, एका कामात मुरलेला आणि त्या मुरण्याची थोडी ऐट बाळगून असलेला. मिस्त्रींची ऐट त्या सांगण्यात होती. "मिस्त्रीनं सांगतलं" म्हटलं की रस्त्यावरचा वाद मिटायचा. एका सोयरिकीत नवऱ्या मुलाच्या गाडीची चेन पाहून त्यांनी मुलाचा स्वभाव सांगितला होता म्हणे. सोयरीक मोडली, आणि मुलीचा बाप दिवाळीला फराळ घेऊन दुकानावर आला.

मी विज्ञान शिकवते. माझी शाळा रिसोडपासून बारा-तेरा किलोमीटरवर, पैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. सकाळचं सत्र. माझी स्कूटी जुनी, म्हणजे कार्बोरेटरवाली. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनला पाजणारा हा भाग आताच्या नव्या गाड्यांत नसतो. मिस्त्री त्याला गाडीचं नरडं म्हणायचे.

त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. रस्ता नदीकडे उतरतो तिथे दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. पहाटेची वीज आली की शेतात फवारे सुरू व्हायचे, आणि वरून धुकं. नेमकी तिथे आली की माझी गाडी गुदमरायची आणि बंद पडायची. माझ्या एकटीची नाही. दूधवाल्याची पडायची, ग्रामसेवकाची पडायची. कितीही किका मारा, हूं नाही की चूं नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

तिथेच बांधावर एक म्हसोबा आहे. कोणीतरी त्याला नारळ फोडला आणि गाडी सुरू झाली. मग काय विचारता. नारळ सोलायचा, फोडायचा, हात जोडायचे, खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटायचे, यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. हा हिशोब आम्हाला फार नंतर सुचला. त्या हिवाळ्यात म्हसोबाला नवा शेंदूर लागला आणि दूधवाला कॅनच्या शेजारी नारळाची पिशवी बांधून फिरू लागला. विज्ञानाच्या बाईने लिहू नये, पण एक नारळ मीही फोडला आहे. शाळेचं मस्टर कोणासाठी थांबत नाही.

एका सकाळी अशीच अडकलेली असताना मिस्त्री मागून आले. पुढच्या गावात कोणाचा तरी ट्रॅक्टर पाहायला निघाले होते. त्यांनी गाडी लावली, हात पुसला, हाताची मागची बाजू आधी इंजिनला लावली, मग कार्बोरेटरला. "गार हाय," असं काहीतरी पुटपुटले आणि पुढे गेले. हवेचा पाइप काढून त्यांनी नरड्यात बोट घातलं. बोटावर थेंब आला.

"सांगू? पेट्रोलात पानी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, तुमी सायन्सवाल्या. पाहा बरं."

मी थेंब माझ्या बोटावर घेतला. वास पेट्रोलचा होता, पण पेट्रोल असतं तर तो चटकन उडून गेला असता. हा बसून राहिला. "पाणीच आहे," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भोवती पाच-सहा माणसं जमली होती. कोणी विचारलं, कोणत्या पंपावरचं? तेही मीच सांगितलं. गावाबाहेरचा, आमच्या रस्त्याचा पंप. आम्ही सगळे तिथेच भरायचो.

मिस्त्रींचा शब्द आणि त्यावर सायन्सच्या बाईचा शिक्का. दुपारपर्यंत बातमी रिसोडभर झाली.

त्या पंपावर सकाळच्या पाळीला भास्कर असायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. पंपाचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं. रोज सकाळी त्या टाकीत एक लांब पट्टी सोडायची. पट्टीच्या टोकाला एक लेप लावलेला असतो, तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. हे पाहण्याचं काम भास्करचं होतं. लोक पंपावर जाऊन ओरडू लागले तेव्हा तो एवढंच म्हणत राहिला, "मी रोज पाहतो. रंग बदललाच नाई." मालकाने दोन दिवस ऐकून घेतलं. लोक दुसऱ्या पंपावर जाऊ लागले तसं त्याने, पाणी शिरलं आणि तुला दिसलं नाही, असं म्हणून भास्करला घरी बसवलं.

भास्करची मुलगी रेणुका माझ्या नववीच्या वर्गात होती. दुसऱ्या बाकावर बसायची, ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली. एका पोराने पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "घे, तुह्या बापाले दे पंपासाठी." मी त्या पोराला झापायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबले. तो थेंब ओळखणारी मीच होते. त्या दिवशी मी तास लवकर संपवला.

आणि गाड्या बंद पडतच राहिल्या. आता सगळे वाशीम रोडच्या पंपावर भरत होते, तरी त्याच वळणावर, त्याच वेळी, तशाच. मी मिस्त्रींना जाऊन सांगितलं. ते एका इंजिनवर वाकले होते. हातातला पाना तसाच धरून तेलाच्या पालथ्या डब्यावर बसले.

"गार लागली होती," ते म्हणाले.

"काय?"

"गाडी तुमची. पाच-सहा किलोमीटर चाललेली गाडी, इंजिन गरम, अन् नरडं बरफावानी गार. हातानं सांगतलं होतं मले. म्या आयकलंच नाई." त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "पाहावं लागते आता."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही पहाटे त्या वळणावर उभे राहिलो. मिस्त्रींनी दुकानातली एक जुनी मोटारसायकल आणली, तिची टाकी काढून ठेवली आणि बाभळीच्या फांदीला सलाइनच्या रिकाम्या बाटल्या टांगल्या. बाटलीतून नळीने पेट्रोल सरळ कार्बोरेटरमध्ये. कोणतं पेट्रोल कोणतं हे कळावं म्हणून बाटल्यांना रंगीत दोरे बांधले होते. लाल म्हणजे भास्करच्या पंपावरचं. निळं वाशीम रोडचं. पिवळ्यात लाल बाटलीतलंच पेट्रोल, पण थंडीत गाडी बंद पडू नये म्हणून पेट्रोलमध्ये टाकायचं औषध त्यात घातलेलं. हे औषध मिस्त्री स्वतःच दुकानात विकायचे, छोट्या बाटलीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेलं. आणि पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत मुद्दाम चमचाभर पाणी टाकलं होतं.

"पानी काय करते ते बी पाहू ना," ते म्हणाले. "आपुन नुसतंच नाव घेतलं त्याचं."

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक नेला होता. तो त्यांनी नरड्याला सुतळीने बांधला. मी घड्याळ आणि वही घेऊन उभी. ते माकडटोपीत. बाजूने जाणारे लोक म्हसोबाकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहून जात. एका म्हातारीने लांबून हातही जोडले.

पहिल्या दिवशी लाल बाटली लावली. हवा दहा अंशांच्या आसपास होती. इंजिन सुरू झालं आणि नरड्याचा पारा उतरू लागला. पाच, तीन, शून्य, त्याच्याही खाली. मग इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं. मिस्त्रींनी पाइप ओढून काढला, आत टॉर्च मारला आणि हळूच म्हणाले, "म्याडम, या."

आत पांढरा थर होता, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चढतो तसा. हवा जायची वाट त्याने जवळजवळ बुजवली होती. आम्ही पाहत असतानाच तो विरघळू लागला. इंजिनची ऊब वर चढत होती. थोड्या वेळात तिथे काहीच उरलं नाही, फक्त एक थेंब घरंगळत खाली आला.

"हा तो थेंब," मिस्त्री म्हणाले.

पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, आणि ओल्या हवेतलं बाष्प तिथे गोठतं. माठातलं पाणी गार का होतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले आहे. पण पुराणातली वांगी पुराणात. माझ्याच बुडाखालच्या गाडीत तोच धडा रोज सकाळी घडत होता आणि मी नारळ फोडत होते.

निळी बाटलीही तशीच थांबली, जवळपास तेवढ्याच वेळात. पांढरी मात्र वेगळी थांबली. गचके देत बंद पडली आणि अर्धा तास गेला तरी सुरू होईना. शेवटी कार्बोरेटरची खालची वाटी उघडून पाणी काढावं लागलं. "पानी असं करते," मिस्त्री म्हणाले. "पानी म्हसोबाले भीत नाई."

मग माझी विद्या कामाला आली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता ओढतं. मिस्त्रींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. "आताचं पेट्रोल हातावर जास्त गार लागते," असं ते म्हणायचे. मी थोडं पेट्रोल पाण्यात घोळवून त्यातलं बरंच इथेनॉल काढून टाकलं आणि वरचं पेट्रोल दिलं. त्यावर गाडी बरीच जास्त वेळ चालली. पण शेवटी थांबली तीही.

राहिली पिवळी बाटली. औषधाची. ती आम्ही सगळ्यात जास्त वेळा लावली, कारण मिस्त्रींना ती चालायला हवी होती. एक दिवस थोडी उशिरा थांबली, दुसऱ्या दिवशी लाल बाटलीच्याही आधी. शेवटच्या सकाळी ते माझ्या वहीत पाहत म्हणाले, "लिहा, काई फरक नाई." त्याच दिवशी त्यांनी औषधाच्या बाटल्या दुकानाच्या फळीवरून उतरवल्या. ज्यांना विकल्या होत्या त्यांना गाठून सांगायलाही लागले.

उपाय शेवटी साधाच निघाला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी एक वळणदार टोपी केली आणि ती अशी बसवली की इंजिनवरची गरम हवा नरड्याकडे जाईल. ती बसवली की कोणत्याही पंपाच्या पेट्रोलवर गाडी थांबेना. आठवडाभरात त्या रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना त्यांनी पत्रा लावून दिला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"गाडीचं झालं," मिस्त्री म्हणाले. "भास्करचं राह्यलं."

आम्ही पंपाच्या मालकाकडे गेलो. त्याने वही पाहिली, चहा पाजला आणि म्हणाला, "मिस्त्री, मले समजलं. पन लोकाईचा भरवसा उडून राह्यला त्याचं काय? मी वही दाखवत फिरू काय? तुमी उडवला, तुमीच आना."

तेव्हा मिस्त्रींनी रविवारी सकाळी लोकांना त्या वळणावर बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पन्नासेक माणसं आली. त्यांनी लाल बाटली लावली, गाडी बंद पाडली, एकेकाला वाकवून आतला बर्फ दाखवला आणि म्हणाले, "पेट्रोलात पानी नव्हतं. म्या चुकलो." उशिरा नवी माणसं आली की पुन्हा गाडी बंद पाडत आणि पुन्हा तेच वाक्य म्हणत. चार वेळा म्हणाले. शेजारी उभं राहून मी दोनदाच म्हणू शकले. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक सहज बोलावं तसं बोललं, "वय झालं आता तुमचं, मिस्त्री." त्यांनी पुढच्या माणसाला बर्फ पाहायला वाकवलं. त्यानंतर दुकानावरची गर्दी पातळ झाली ती पुन्हा पहिल्यासारखी कधी झाली नाही.

संक्रांतीनंतर मालकाने भास्करला परत बोलावलं. त्याआधी मिस्त्री त्याच्या घरी गेले, मीही गेले. भास्करने चटई टाकली, बायकोला चहा सांगितला. मिस्त्रींनी जे रस्त्यावर सांगितलं तेच त्याच्या घरात सांगितलं. मीही माझं सांगितलं. तो मला म्हणाला, "तुमचं जाऊ द्या म्याडम. तुमी मिस्त्रीच्या भरवशावर बोलल्या." मला इतकं स्वस्तात सोडल्याचं वाईट वाटलं. मग तो मिस्त्रींकडे वळला. "लोकाईले सांगतलं, बरं केलं. माह्या पोरीले कोन सांगन?"

म्हणून मिस्त्री आमच्या शाळेत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात घासून घासून धुतलेले, तरी नखांत काळं होतंच. वर्ग उभा राहिला. ते कोणाकडे न पाहता सरळ शेवटच्या बाकापाशी गेले.

"बाई, तुह्या बापानं रोज बराबर पाह्यलं," ते म्हणाले. "चूक माही होती."

रेणुकाने मान वर केली. पोरगी बापासारखीच कमी बोलायची. तिने विचारलं, "मंग तवा कायले सांगतलं?"

मला वाटलं मध्ये पडावं, पण प्रश्न रास्त होता. मिस्त्री बाकाची कड धरून उभे होते. साठी ओलांडलेला माणूस, चौदा वर्षांच्या पोरीपुढे. जेव्हा बोलले तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते म्हणून मला ऐकू आलं, पुढच्या बाकांपर्यंत आवाज पोचला नाही.

"मले वाटे, मले सारं समजते."

मग ते बाकाची कड सोडून निघून गेले. त्यानंतर मी खडू खाली ठेवला आणि तो थेंब पाणी आहे असं कोणी सांगितलं होतं, ते वर्गाला सांगितलं. दोन-तीन दिवसांनी रेणुका दुसऱ्या बाकावर परत आली.

मिस्त्रींचं "सांगू?" त्या हिवाळ्यात सुटलं ते सुटलंच. हात तसाच लावत, डोळे तसेच मिटत, पण मान वर करून म्हणत, "खोलून पाहावं लागते." नवी गिऱ्हाइकं वैतागायची. जुनी गंमत करायची, "सांगा ना मिस्त्री." ते नुसती मान हलवायचे. मला खरं सांगायचं तर ते ऐकायला नको वाटायचं. चूक निस्तरावी इथपर्यंत ठीक, पण माणसाची ऐट अशी मुळासकट गेलेली पाहवत नाही.

पेट्रोल मात्र ते भास्करकडेच भरत. दर तिसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीला. कितीदा मी रांगेत त्यांच्या मागे असायचे. भास्कर म्हणायचा, "किती?" मिस्त्री म्हणायचे, "दोन लिटर." भास्कर म्हणायचा, "झिरो पाहा." मिस्त्री मान वळवून झिरो नीट पाहायचे. संपलं. वर्षानुवर्षं एवढंच. ना राम राम, ना कसं काय. एकदा मी विचारलंच, "अजून बोलत नाही का हो तुमच्याशी?"

"बोलते ना," ते म्हणाले. "झिरो पाहा म्हनते."

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. सकाळी दुकान उघडून बसले आणि बसल्या जागी गेले, असं शाळेत कळलं. मी दुपारी परत येत होते तेव्हा त्यांना नेत होते. गावातून मोक्षधामाकडे जायला आमच्याच पंपावरून रस्ता आहे. मी गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. माणसं बरीच होती. जी पोरं त्यांच्याकडे गाडी न्यायची बंद झाली होती तीही होती.

तिरडीच्या पुढच्या उजव्या बाजूला भास्कर होता. पंपाच्या गणवेशात, कामावरून तसाच निघून आलेला. घरापासून खांदा त्याने धरला होता असं शेजारचे कोणी म्हणाले. पंपासमोर आल्यावर रिवाजाप्रमाणे माणसं खांदा बदलायला पुढे झाली. बाकीच्या तिघांनी दिला. भास्करच्या जागी एकजण आला, खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "द्या भाऊ, लय झालं."

भास्करने मान हलवली आणि चालत राहिला.